निपाणीच्या काकांचे पैसे आणि बेळगावचे पोलीस: सायबर तपास नक्की चालतो कसा?

निपाणीजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. व्हॉट्सॲपवरच्या शेअर मार्केटच्या ग्रुपमध्ये ओढले गेले, एका ॲपवर रोज नफा वाढताना दिसत राहिला आणि पाच वेळा मिळून ६ लाख ४० हजार रुपये गेले. घरात कळलं शेवटचे पैसे गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, तेव्हा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. जवळच्या ठाण्यात गेले तर ‘बेळगावला सीईएनला जावा’ म्हणून सांगितलं. पुतण्या विचारतो: पोलीस यात खरंच काही करतात का? पैसे परत मिळतात का? आणि आमची तक्रार मराठीत घेतील का?

मी बेळगाव जिल्ह्यात पोलीस खात्यात नोकरी केली, शेवटची काही वर्षं सायबर तपासात गेली. तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूने काय चालतं ते सांगतो.

सायबर गुन्ह्यात पोलीस आधी चोराच्या मागे लागत नाहीत, पैशाच्या मागे लागतात. तक्रारदाराला हे काही केल्या पटत नाही. तो येतो तोच मोबाइल नंबर घेऊन. ‘साहेब, हा बघा त्याचा नंबर, लोकेशन काढा, मी गाडी सांगतो.’ ते सिम असतं भलत्याच कुणाच्या नावावर, आणि बोलणारा मेवातच्या शेतात नाहीतर कंबोडियातल्या एखाद्या इमारतीत बसलेला असतो. आज ना उद्या त्याचा माग लागेलही. पण पैसा पहिल्यांदा उतरतो तो भारतातल्याच कुठल्यातरी बँकेच्या खात्यात, आणि तिथे तो काही मिनिटं, नशीब चांगलं असेल तर काही तास पडून असतो. तेवढ्या वेळात जे काय होईल ते होईल.

त्यासाठीच १९३० आहे. फोन उचलणारा माणूस तुमची कहाणी फारशी ऐकून घेत नाही, याचा लोकांना राग येतो. पण त्याला कहाणी नकोच असते. त्याला हवं असतं तुमच्या बँकेचं नाव, खाते नंबर, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा नंबर. यूपीआय किंवा आयएमपीएसने पैसे गेले असतील तर हा नंबर १२ अंकी असतो. एनईएफटी-आरटीजीएसचा यूटीआर त्याहून लांब, आकडे-अक्षरं मिसळलेला. हे एकदा यंत्रणेत भरलं की तिकीट तयार होतं आणि पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे आपोआप पोचतं. त्या खात्यात जे शिल्लक असेल त्यावर बँक होल्ड लावते. पैसे पुढे सरकले असतील तर बँक पुढच्या खात्याची माहिती भरते आणि तिकीट तिकडे जातं. आम्ही याला लेयर म्हणतो: पहिला लेयर, दुसरा, तिसरा. चौथ्या-पाचव्या लेयरपर्यंत एकाच रकमेचे तीस-चाळीस तुकडे झालेले असतात आणि शेवटी कुणीतरी एटीएममधून किंवा चेकने रोकड काढून मोकळा होतो.

म्हणून पहिला तास महत्त्वाचा. पण काकांच्या बाबतीत तिसरा दिवस म्हणजे सगळं संपलं, असं समजू नका. पाच वेळा पैसे गेलेत, म्हणजे पाच वेगवेगळी खाती असण्याची शक्यता आहे. त्यातलं एखादं खातं आधीच दुसऱ्या कुणाच्या तक्रारीवरून गोठलेलं असतं आणि पैसे तिथेच अडकून पडलेले असतात. शेअर मार्केटच्या फसवणुकीत हे बऱ्याचदा घडतं, कारण टोळी तीच खाती चार-आठ दिवस वापरते.

१९३० ला पाचही व्यवहार सांगितले का, ते आधी तपासा. गडबडीत माणूस शेवटचा, मोठा आकडा तेवढा सांगतो. राहिलेले व्यवहार सायबरक्राइम पोर्टलवर त्याच पोचपावतीच्या नंबरात भरता येतात. फोननंतर मेसेज येतो, त्यातल्या लिंकवर २४ तासांत पूर्ण तक्रार भरायची असते. ती राहिली असेल तर आधी ते काम.

आता ‘बेळगावला जा’ का म्हणाले. सीईएन ठाणं म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ अशा तिन्ही प्रकारच्या गुन्ह्यांचं ठाणं. बेळगावात अशी दोन आहेत. एक शहर आयुक्तालयाचं. त्याच्या हद्दीत शहापूर, टिळकवाडी, कॅम्प, माळमारुती, उद्यमबाग, काकती असा भाग येतो. दुसरं जिल्हा एसपींचं. निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर, संकेश्वर हे सगळं तिकडे. निपाणीचा माणूस चुकून शहराच्या सीईएनमध्ये जातो आणि अर्धा दिवस घालवून दुसरीकडे येतो, हे मी कितीदा पाहिलंय.

यामागे कायद्याची एक अडचण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. गावाकडच्या ठाण्यात पीएसआय प्रमुख असेल तर तो ६६-सी (दुसऱ्याची ओळख चोरणं), ६६-डी (तोतयेगिरी करून फसवणं) लावून स्वतः तपास करू शकत नाही. म्हणून तो तुम्हाला पुढे पाठवतो. मात्र तपास न करणं वेगळं आणि तक्रार न घेणं वेगळं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची खबर घ्यायची आहे. ती ऑनलाइन दिली तरी चालते, फक्त तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. काकांना पाऊणशे किलोमीटर एसटीने हेलपाटे घालायला लावण्याआधी हे शांतपणे ठाण्यात सांगून बघा. भांडू नका. भांडलं की रायटर, म्हणजे ठाण्यातला लेखनिक, खुर्चीतून उठून चहाला जातो.

आणि सीईएनची बाजूही ऐकून घ्या. तीच माणसं सकाळी गांजाच्या धाडीला जाऊन महजर, म्हणजे पंचनामा, लिहून आलेली असतात, दुपारी चिटफंडवाल्याच्या मागे आणि संध्याकाळी तुमच्या बँक स्टेटमेंटवर. माणसं कमी, तक्रारी ढीगभर. २०२५ मध्ये कर्नाटकाने सायबर कमांड युनिट उभं करून ही ठाणी एका छत्राखाली आणली, त्याचा फायदा होईल असं मला वाटतं. पण कमांड बंगळूरात असते आणि नोटीस टाइप करणारा कॉन्स्टेबल बेळगावात.

सीमाभागाचा आपला एक वेगळाच गुंता आहे, तो बाहेरच्याला समजत नाही. शिनोळीचा पोरगा उद्यमबागेत कामाला. घर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. खातं बेळगावच्या शाखेत, सिम कर्नाटकाचं, आधारवर पत्ता कोल्हापूर जिल्ह्याचा. फसवणुकीचा फोन आला तेव्हा तो कामावर होता, पैसे पाठवले घरी जाऊन. गुन्हा कुणाचा? पूर्वी दोन्हीकडचे पोलीस एकमेकांकडे बोट दाखवायचे. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे तर हे रोजचंच. आता झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला एफआयआर, होतो आणि मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. १९३० चा फोन कुठल्याही राज्याच्या कक्षात लागला तरी तिकीट एकाच देशव्यापी यंत्रणेत जातं, तेव्हा ‘महाराष्ट्राच्या माणसाने उचलला, परत लावतो’ म्हणून वेळ घालवू नका.

मराठीचं म्हणाल तर, इथे कामकाज कन्नडात चालतं, एफआयआर कन्नडात होईल. पण तुमची लेखी तक्रार मराठीत द्यायला कुणी अडवत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ठाण्यांत मराठी कळणारे कर्मचारी असतातच. मराठी तक्रार जोडली जाते आणि तिचा मजकूर कन्नडात उतरवला जातो. घोळ होतो तो इथेच. सही करण्याआधी वाचून आणि समजावून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, एफआयआरची प्रतही फुकट मिळाली पाहिजे. वाचून घेताना भाषेवर लक्ष देण्यापेक्षा आकड्यांवर द्या: रक्कम, तारीख, व्यवहाराचा नंबर. एक आकडा इकडचा तिकडे झाला की समोरची बँक ‘असा व्यवहार आढळत नाही’ असं उत्तर पाठवून फाइल बंद करते. सीमावाद आपल्या जागी राहू दे, १२ अंकी नंबर तिन्ही भाषांत सारखाच लिहितात.

ठाण्यात जाताना काय न्यायचं? काकांचा तोच फोन, चॅट न पुसता. बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, त्यात पाच व्यवहारांवर पेनाने खुणा. ग्रुपचं नाव, ॲडमिनचे नंबर, ॲपचा आयकॉन आणि ॲप जिथून घेतलं ती लिंक. फोटो काढलेत, आता ॲप काढून टाकू, असं करू नका. आधी अधिकाऱ्याला दाखवा. स्क्रीनशॉट कोर्टात टिकवायचे तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना ठाण्यातच असतो.

अपवाद एकच, एपीके फाइलचा, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलचा. लग्नपत्रिका, आरटीओ चलन, पीएम किसान अशा नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली आणि कुणी ती उघडून बसवली, तर तो फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. खानापूरकडच्या एका बाई आल्या होत्या. आमच्यासमोर टेबलावर त्यांचा फोन होता. ओटीपीचे मेसेज येत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गायब होत होते. फाइलने मेसेज वाचायची आणि पुढे पाठवायची परवानगी आधीच घेतलेली होती. बाई म्हणत होत्या, ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही हो.’ खरंच सांगितला नव्हता. कॉन्स्टेबलने आधी सिम काढलं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावून खातं बंद करवलं. तक्रार त्यानंतर लिहिली.

अशा बाबतीत बँकेलाही मोकळं सोडू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आलेला. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. निष्काळजीपणा तुमचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. काकांनी मात्र स्वतः पैसे पाठवलेत, त्यामुळे त्यांना हा रस्ता नाही. तरी बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्याच. पोलिसांची पोच आणि बँकेची पोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तपासाच्या गाभ्याकडे येतो, कारण स्थानिक पोलिसांचा खरा कस इथे लागतो. पैसे ज्या खात्यात उतरतात ती खाती चोरांची नसतात, भाड्याची असतात. म्यूल अकाउंट. आणि ही भाड्याची खाती फक्त राजस्थान-बिहारात असतात, असा समज कृपा करून काढून टाका. आपल्याकडेही आहेत. कॉलेजच्या हॉस्टेलवरचा मुलगा, दुकान बंद पडलेला माणूस, कुणाचा तरी मित्र. ‘खातं उघडून दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील, तुझं काय जातंय?’ पोराला वाटतं, खरंच काय जातंय. मग एक दिवस तेलंगणाची किंवा गुजरातची पोलीस पार्टी दारात उभी राहते, स्थानिक ठाण्यात नोंद करून त्याला घेऊन जाते, आणि आई रडत ठाण्यात येते. ‘त्याने काही केलं नाही हो साहेब.’ खातं त्याच्या नावावर, केवायसीवर फोटो त्याचा, कमिशन त्याच्या दुसऱ्या खात्यात. कोर्टात काय सांगणार?

आमच्या लोकांनी सगळ्यात उपयोगी काम केलं असेल तर ते इथे. परराज्यातल्या तक्रारीत बेळगावातल्या शाखेतलं खातं दिसलं की खातेदाराला बोलवायचं, नोटीस द्यायची आणि खातं कुणी घेतलं ते विचारायचं. एका पोराकडून एजंट मिळतो, एजंटाच्या फोनमध्ये वीस-पंचवीस पासबुकांचे फोटो मिळतात. परमुलखात चार माणसं पाठवून, ट्रेनची तिकिटं काढून, ट्रान्झिट वॉरंट मिळवून एक माणूस आणण्यापेक्षा इथला एक एजंट पकडला तर जास्त घरं वाचतात. वर्तमानपत्रात मात्र फोटो येतो तो राजस्थानवरून आणलेल्याचा.

मोठं जाळंही इथे कधी सापडतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये शहर पोलिसांनी अमेरिकन नागरिकांना फसवणारं बनावट कॉल सेंटर बेळगावातच पकडलं. आपण फक्त गिऱ्हाईक आहोत असं समजायचे दिवस गेले.

अटक झाली तरी माणूस लगेच सुटतो, ही तक्रारही असते. ६६-सी, ६६-डी ला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणून सोबत भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे फसवणुकीचं सात वर्षांचं कलम लावतात, आणि टोळी सिद्ध होत असेल तर संघटित गुन्हेगारीचं १११. तरीही सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे. तपास अधिकारी तुमच्या समोर आरोपीला चहा देऊन घरी पाठवत असेल तर लगेच ‘सेटिंग झालं’ म्हणू नका.

डिजिटल अरेस्टवर, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावून पैसे उकळण्यावर, थोडं बोलतो, कारण आपल्या भागात त्याने जीव घेतले आहेत. २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध जोडप्याचा अंत याच छळातून झाला. म्हातारी माणसं, मुलं परगावी किंवा परदेशी, बँकेत आयुष्याची ठेव. टोळ्यांना असंच घर हवं असतं. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय, कोर्ट व्हिडिओ कॉलवर माणसाला बसवून ठेवत नाही. आपल्याच शेजारच्या विजापूरच्या एका तरुणाने अशा भामट्याचा कॉल रेकॉर्ड केला, आणि पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये तो साऱ्या देशाला ऐकवला. घरातल्या म्हाताऱ्यांना तो ऐकवा. आमच्या भाषणापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

प्रबोधनाच्या बाबतीत खात्यावर माझी टीकाच आहे. २०२५ मध्ये ‘मने मनेगे पोलीस’ म्हणून घरोघरी जायची मोहीम निघाली, कल्पना उत्तम. पण वडगाव, येळ्ळूर, कडोलीच्या आजींच्या हातात कन्नड पत्रक दिलं तर ती त्यात भाकरी गुंडाळणार. मराठीत बोला, गणेशोत्सव मंडळाच्या मांडवात बोला, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत बोला. आणि बोलायचं ते इथल्या घटनांवर. हेस्कॉमचं बिल भरलं नाही म्हणून आज रात्री वीज तुटेल, हा मेसेज. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे अडकलेत म्हणून आलेली लिंक. ‘मी मराठा सेंटरला जवान आहे, तुमचं घर भाड्याने हवंय, आर्मीच्या पद्धतीने पेमेंट करतो’ हा फोन. बेळगावात खरे जवान गल्लोगल्ली राहतात, म्हणून इथे ही थाप इतर शहरांपेक्षा जास्त खपते.

आता पैसे परत कसे मिळतात ते सांगतो. समजा काकांच्या ६ लाख ४० हजारांपैकी १ लाख १० हजार दोन खात्यांत होल्ड झाले. ते आपोआप येत नाहीत. तपास अधिकाऱ्याकडून होल्ड रकमेचा तपशील घ्यायचा, वकिलामार्फत त्या भागाच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करायचा, पोलीस आपलं म्हणणं देतात, कोर्ट बंधपत्र घेऊन आदेश काढतं आणि तो आदेश बँकेला गेला की रक्कम जमा होते. वकील फी आणि रक्कम यांचा हिशोब आधी करा. उरलेले ५ लाख ३० हजार? बहुतेक ते गेले. खोटी आशा दाखवणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, मग तो खाकीत का असेना.

तपासाचं काय झालं हे ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. नाही कळवलं तर डीवायएसपींना लेखी विचारा. ‘तपास चालू आहे’ एवढ्या एका ओळीचं एंडोर्समेंट, म्हणजे ठाण्याचं लेखी उत्तर, मिळालं तरी जपून ठेवा, कोर्टात उपयोगी पडतं.

उलट बाजूही येते. निपाणीचा तंबाखू व्यापारी, एपीएमसीतला भाजीवाला, खानापूरचा काजू कारखानदार, यांच्या खात्यात गिऱ्हाइकाने दिलेले ४ हजार रुपये कुठल्यातरी फसवणुकीतले निघतात आणि अख्खं खातं गोठतं. बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि कुठल्या राज्याच्या पोलिसांनी होल्ड लावला ते लेखी घ्या. त्या तपास अधिकाऱ्याला बिल, पावती, जीएसटीची नोंद पाठवा आणि वादातली रक्कम तेवढीच रोखून बाकी खातं मोकळं करा असं मागा. देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी हीच भूमिका घेतली आहे. इथल्या ठाण्यात येऊन ओरडून फायदा नाही, होल्ड त्यांनी लावलेला नसतो.

शेवटी, काकांचा नंबर आता त्या टोळ्यांच्या यादीत आहे आणि ही यादी विकली जाते. महिन्या-दोन महिन्यांत फोन येईल: ‘दिल्ली सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फाइल चार्ज १८ हजार भरा.’ त्याच्याकडे काकांचं नाव, गेलेली रक्कम, कदाचित व्यवहाराचे नंबरही असतील, म्हणून तो खरा वाटेल. काकूंना आणि काकांना दोघांनाही हे आजच सांगून ठेवा. फोन आलाच तर बोलत बसू नका. तो नंबर लिहून घ्या आणि तुमच्या पोचपावतीच्या नंबरासह तपास अधिकाऱ्याला पाठवा.